विद्यार्थ्यांचे मूल्यमापन : कार्य, तत्त्वे आणि सोलापूरचा बहुभाषिक वर्ग

१. विषयप्रवेश

अभ्यासक्रमाची आखणी, अध्यापन आणि मूल्यमापन ही शिक्षणप्रक्रियेची तीन प्रमुख अंगे होत. यांपैकी पहिल्या दोहोंविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्याची चर्चा होते ती बहुधा निकालाच्या दिवसांत, आणि तीही निकाल किती टक्के लागला या एकाच प्रश्नाभोवती फिरते. विद्यार्थ्याच्या प्रगतिपत्रकावर जो अंक लिहिला जातो तो नेमके कशाचे माप आहे, हा मूळ प्रश्न मात्र मागे राहतो.

सोलापूरसारख्या ठिकाणी हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. विणकामाच्या आणि विडीच्या व्यवसायांत गुंतलेल्या अनेक कुटुंबांत तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या सीमेवरील तालुक्यांत कन्नड ही कित्येकांची घरची भाषा आहे. कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांच्या शाळा येथे आहेत हे खरे. तथापि मराठी शाळेच्या बाकावर बसलेल्या प्रत्येक मुलाची घरची भाषा मराठीच असते असे नाही. अशा वर्गात गणिताच्या प्रश्नपत्रिकेत मिळालेला शून्य हा गणिताचा की भाषेचा, हे ठरविल्यावाचून त्या मुलाविषयी कोणताही निर्णय देणे अन्यायाचे ठरेल.

प्रस्तुत लेखात मूल्यमापनाचे कार्य कोणते, त्याची मूलतत्त्वे कोणती आणि बहुभाषिक वर्गात ती कशी लागू करावीत, याचे विवेचन करावयाचे आहे. आधी विद्यार्थ्याचे शिकणे कोठे अडले हे शोधावे आणि मगच त्याची प्रतवारी करावी, हा या विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा होय.

२. परीक्षा, मापन आणि मूल्यमापन

व्यवहारात हे तीन शब्द समानार्थी म्हणून वापरले जातात. शास्त्रात त्यांचे अर्थ भिन्न आहेत. परीक्षा हे एक साधन आहे. त्या साधनाच्या द्वारे एखाद्या गुणाला संख्यारूप देणे म्हणजे मापन. त्या संख्येचा, तसेच संख्येत न मावणाऱ्या निरीक्षणांचा, शिक्षणाच्या उद्दिष्टांच्या संदर्भात अर्थ लावून निर्णय घेणे म्हणजे मूल्यमापन. एखाद्या मुलीला भाषेत पन्नासपैकी बावीस गुण मिळाले, हे मापन झाले. तिचे वाचन ओघवते आहे, परंतु वाचलेल्या मजकुराचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहिताना ती अडखळते, म्हणून तिला लेखनाचा सराव हवा, असे ठरविणे हे मूल्यमापन होय.

मूल्यमापनाची कार्ये मुख्यतः दोन. शिकणे चालू असताना त्याची दिशा तपासणे हे पहिले. शिकणे एका टप्प्यावर आले असता त्याची फलश्रुती जाहीर करणे हे दुसरे. विचारवंत मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली शैक्षणिक कार्यक्रमांच्या परीक्षणासंबंधी लिहिताना हा भेद प्रथम स्पष्ट नावांनी मांडला आणि पुढे तो विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनास लागू झाला. आपल्याकडे पहिल्यास आकारिक आणि दुसऱ्यास संकलित मूल्यमापन अशी नावे रूढ झाली आहेत.

सोलापूरच्या वाचकास हा भेद मागाच्या उदाहरणाने सहज कळेल. कापड मागावर असतानाच ताण्याचा तुटलेला धागा विणकराच्या नजरेस पडला, तर तो माग थांबवून गाठ मारतो आणि पुढचे वीण सरळ निघते. तेच कापड मागावरून उतरल्यावर तपासणीत दोष आढळला, तर त्याची किंमत तेवढी उतरते; दोष जात नाही. तपासणी दोन्ही वेळा झाली, दोन्ही वेळा ती अचूकही होती. परंतु कापडाला उपयोग झाला तो पहिल्या तपासणीचा. अर्थात, ग्राहकाला मालाची प्रत कळावी म्हणून दुसरी तपासणीही हवीच. तथापि जेथे केवळ दुसरीच तपासणी होते, तेथे चांगल्या कापडाची आशा दैवावर सोपवावी लागते.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेत आजच्या अर्थाने परीक्षा नव्हती. धूळपाटीवर अक्षर गिरवून घेणे, पाढे आणि पावकी-निमकी यांची उजळणी करून घेणे, मोडी वाचून घेणे, हेच शिकविणे आणि हीच तपासणी. एक पायरी पक्की झाल्यावाचून विद्यार्थी पुढच्या पायरीवर जात नसे. या पद्धतीत पाठांतराचा अतिरेक होता, शिक्षेचा धाक होता आणि बहुजन समाजाला व स्त्रियांना तिची दारे बहुधा बंद होती. तेव्हा तिचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु तपासणी आणि अध्यापन यांची तेथे फारकत झालेली नव्हती, एवढे नमूद करणे आवश्यक आहे.

ही फारकत इंग्रजी अमलात झाली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा घेण्यात आली. पुढे मॅट्रिक या नावाने घरोघर परिचित झालेल्या या परीक्षेने नोकरीचा दरवाजा उघडत असे. त्यामुळे माध्यमिक शाळांचे सारे अध्यापन हळूहळू तिच्या प्रश्नपत्रिकेच्या साच्यात बसू लागले. दुसरीकडे, विद्यार्थ्यांच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरविण्याची पद्धती इंग्लंडात १८६२ च्या सुधारित नियमावलीने सुरू झाली आणि त्याच दशकात मुंबई इलाख्यातही तिचा अवलंब झाला. निरीक्षकाने येऊन मुलांची परीक्षा घ्यावयाची आणि जितकी मुले उत्तीर्ण तितके अनुदान, असा हा हिशेब.

या पद्धतीवरील एक मार्मिक अभिप्राय महाराष्ट्रातच व्यक्त झाला. १८८२ साली हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तिचा परामर्श घेतला आहे. ज्या लोकांत शिक्षणाची गोडी अद्याप उत्पन्न झालेली नाही त्यांच्यासाठी ही पद्धती मुळीच उपयुक्त नाही. तीवर विसंबून त्यांच्यात शाळा काढण्यास कोणी शिक्षक पुढे येणार नाही, कारण तीतून त्याचा चरितार्थ चालणार नाही. अशी गोडी निर्माण होईपर्यंत सरकारी शाळा आणि विशेष उत्तेजन आवश्यक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मूल्यमापनशास्त्राचा जन्म होण्यापूर्वीच फुले यांनी त्यातील एक मोठे तत्त्व ओळखले होते. ते तत्त्व असे की, परीक्षेचे साधन कसे आहे एवढेच पाहून भागत नाही. तिच्या निकालाला कोणते परिणाम जोडले आहेत आणि ते कोणाच्या वाट्यास येतात, हेही पाहावे लागते.

स्वातंत्र्योत्तर काळात परीक्षासुधारणेचा विचार सातत्याने झाला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षांची सुचवावी लागेल, असे मत दिले. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) बाह्य परीक्षेचे ओझे कमी करून शाळेतील नोंदींना महत्त्व देण्याची शिफारस केली. १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांचे प्रसिद्ध वर्गीकरण संपादित करणारे बेंजामिन ब्लूम त्यानंतर लवकरच भारतात आले. त्यांच्या मार्गदर्शनाने आणि १९५८ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती परीक्षा विभागाच्या द्वारे उद्दिष्टांवर आधारित प्रश्न तयार करण्याची चळवळ सुरू झाली. जे. पी. नाईक हे ज्याचे सदस्य-सचिव होते त्या कोठारी आयोगानेही (१९६४–६६) मूल्यमापन ही अध्यापनाशी निगडित अशी अखंड प्रक्रिया असल्याचे आग्रहाने सांगितले.

या विचाराला कायद्याचे बळ मिळाले ते २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमाने. हा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती जाहीर केली. तीत पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनास ७० टक्के व संकलित मूल्यमापनास ३० टक्के भार ठेवण्यात आला. तिसरी-चौथीसाठी हे प्रमाण ६० व ४०, पाचवी-सहावीसाठी ५० व ५० आणि सातवी-आठवीसाठी ४० व ६० असे होते. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही आकारिक मूल्यमापनाची साधने म्हणून सांगितली गेली. मूल जितके लहान तितका निरीक्षणाचा वाटा मोठा, हे या प्रमाणामागील सूत्र शास्त्रशुद्ध आहे.

४. सप्रमाणता : संख्यांच्या नावांचे उदाहरण

मूल्यमापनाचे पहिले तत्त्व सप्रमाणतेचे. जे मोजावयाचे आहे तेच साधनाने मोजले पाहिजे. हे तत्त्व ऐकावयास सोपे, पाळावयास कठीण आहे. त्याची अडचण दाखविण्यासाठी प्राथमिक शाळेतील अगदी साधा प्रसंग घेऊ.

शिक्षक दुसरीच्या वर्गात अंकलेखन घेत आहेत. ते ‘बेचाळीस’ असे उच्चारतात आणि एक मूल पाटीवर २४ लिहिते. उत्तर चुकले, गुण गेला. शिक्षकाने निष्कर्ष काढला की या मुलाला एकक-दशक समजलेले नाही. हा निष्कर्ष कदाचित बरोबर असेल; परंतु या एका उत्तरावरून तो निघत नाही.

मराठीत ‘बेचाळीस’ म्हणताना दोनाचा निर्देश आधी आणि चाळिसाचा नंतर होतो. लिहिताना मात्र चार आधी आणि दोन नंतर लिहावे लागतात. म्हणजे ऐकण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम परस्परविरुद्ध आहेत. कन्नडमध्ये याच संख्येला ‘नलवत्तेरडु’ म्हणतात. नलवत्तु म्हणजे चाळीस आणि एरडु म्हणजे दोन. तेलुगूत ती ‘नलभै रेंडु’. तेथेही चाळीस आधी, दोन नंतर. ज्या मुलाने घरी, दुकानात आणि खेळात दशक आधी ऐकण्याची सवय केली आहे, ते मूल ‘बे’ ऐकताच दोन लिहून मोकळे होणे अगदी स्वाभाविक आहे. एकोणचाळिसाची गोष्ट याहून बिकट आहे. येथे मुलाच्या कानावर ‘चाळीस’ पडते आणि लिहावयाचे असतात ३९. कन्नडमधील ‘मूवत्तोंबत्तु’ आणि तेलुगूतील ‘मुप्पै तोम्मिदि’ यांत मात्र तीस आणि नऊ सरळ ऐकू येतात.

हा प्रश्न केवळ आपला नाही. जर्मन भाषेतही एकक आधी व दशक नंतर उच्चारले जाते आणि ती भाषा बोलणाऱ्या लहान मुलांच्या अंकलेखनात अंकांची अदलाबदल विशेष आढळते, असे तेथील अभ्यासकांनी नोंदविले आहे. म्हणजे ज्यांची ती घरची भाषा आहे त्यांनाही तिचा क्रम जड जातो. मग ज्यांना ती शाळेतच भेटते त्यांची अडचण किती असेल, याची कल्पना करता येईल.

महाराष्ट्रात या प्रश्नाने २०१९ च्या जूनमध्ये सार्वजनिक वादाचे रूप घेतले. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस या रूढ नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचनही देण्यात आले होते. त्यावर वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळात टीका झाली. भाषेचे सौष्ठव बिघडेल अशी भीती व्यक्त करण्यात आली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांना संख्या समजणे सुलभ व्हावे, विशेषतः जोडाक्षरयुक्त संख्यानामांचा अडथळा दूर व्हावा, हा हेतू असल्याचे स्पष्ट केले होते. या वादात मराठीच्या अभिमानाची बाजू पुष्कळ बोलली गेली. मूल्यमापनाच्या दृष्टीने मात्र त्यातून एक स्वतंत्र बोध घेण्याजोगा आहे.

तो असा. स्थानिक किंमत समजणे हे एक उद्दिष्ट आहे आणि मराठी संख्यानामे येणे हे दुसरे उद्दिष्ट आहे. दोन्ही योग्य आहेत. दोन्ही शिकविलीच पाहिजेत. परंतु ती एकाच प्रश्नात मिसळली, तर चुकलेले उत्तर कोणत्या उद्दिष्टाविषयी बोलते हे कळत नाही. म्हणून स्थानिक किंमत तपासावयाची असल्यास चार दशकांचे गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवाव्यात आणि संख्या लिहावयास सांगावे. मुलाने ४२ लिहिले तर त्याचे गणित पक्के आहे. त्यानंतर ‘बेचाळीस’ म्हणावे. तेव्हा २४ आले तर दोष भाषेच्या सवयीचा आहे आणि त्यावरचा उपाय संख्यानामांचा सराव हा आहे, काड्या पुन्हा मोजणे हा नव्हे.

शाब्दिक उदाहरणांनाही हेच लागू. ‘एका विणकराकडे ४२ चादरी होत्या, त्यांपैकी १७ विकल्या, किती शिल्लक राहिल्या?’ या प्रश्नात ‘शिल्लक’ हा शब्द ज्याला ठाऊक नाही त्याची वजाबाकी तपासलीच जात नाही. तेच उदाहरण आकड्यांत देऊन, किंवा त्याच्या भाषेत तोंडी सांगून पाहिल्यास सत्य बाहेर येते. शिक्षकास ती भाषा येत नसेल तर वर्गातील दुसऱ्या मुलाकडून प्रश्न सांगवून घेण्यास काहीच हरकत नाही. उत्तर त्याचे त्यालाच काढावयाचे असते.

साधनाची सप्रमाणता भाषेबरोबर बदलते, याची जाणीव या प्रदेशातील संशोधकांना फार पूर्वीच झाली होती. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. तिचे आपल्याकडील मुलांसाठी मराठी आणि कन्नड या दोन भाषांत रूपांतर धारवाड येथे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले आणि त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. कसोटीचे रूपांतर हे केवळ भाषांतर नव्हे. परिचित वस्तू, परिचित प्रसंग आणि मुलांच्या प्रत्यक्ष उत्तरांवरून ठरविलेली काठिण्यपातळी यांवाचून ती कसोटी त्या मुलांची होत नाही. मराठी-कन्नड सीमेवर झालेले हे कार्य सोलापूरच्या शिक्षणविचाराला जवळचे वाटावे असे आहे.

५. विश्वसनीयता

दुसरे तत्त्व विश्वसनीयतेचे. तीच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे गेली, अथवा त्याच परीक्षकाने ती महिन्याने पुन्हा तपासली, तर गुणांत मोठा फरक पडू नये. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी १९१२–१३ च्या सुमारास भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. दिलेले गुण शंभरपैकी तिसाच्या खालपासून नव्वदाच्या वरपर्यंत पसरले होते. भूमितीसारख्या, उत्तर निश्चित असलेल्या विषयाची ही कथा. १९३५ साली इंग्लंडात हार्टोग आणि ऱ्होड्स यांनी केलेल्या अभ्यासातही परीक्षकांच्या मतभेदाचे असेच चित्र दिसून आले.

या दोषाचे निवारण करण्यासाठी निश्चित उपाय आहेत. प्रश्नपत्रिकेपूर्वी संविधान तक्ता तयार करणे, म्हणजे कोणत्या घटकाला व कोणत्या उद्दिष्टाला किती गुण हे आधी ठरविणे. निबंधवजा प्रश्नांबरोबर लघूत्तरी आणि वस्तुनिष्ठ प्रश्न ठेवणे. आदर्श उत्तरे व गुणदान योजना परीक्षकांना पुरविणे. आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकांची नियामकाकडून फेरतपासणी करणे, हे ते उपाय होत. माध्यमिक शालान्त परीक्षेत राज्य मंडळाने परीक्षक, नियामक आणि मुख्य नियामक अशी साखळी ठेवली आहे. गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांचीही सोय आहे.

एवढे करूनही प्रत्येक मापनात काही त्रुटी शिल्लक राहतेच. म्हणून ३४ आणि ३५ या दोन गुणांमध्ये ज्ञानाचे अंतर आहे असे मानणे शास्त्रास धरून नाही. प्रशासनाच्या सोयीसाठी कोठे तरी रेषा ओढावी लागते हे मान्य. परंतु त्या रेषेच्या एका बाजूस बुद्धी आणि दुसऱ्या बाजूस जडत्व आहे असा समज घरात, शाळेत आणि समाजात दृढ होतो, तो मापनाच्या मर्यादा न कळल्यामुळे.

येथे एक सावधानतेची सूचना करणे इष्ट आहे. विश्वसनीयतेच्या मागे लागून केवळ वस्तुनिष्ठ प्रश्न विचारले, तर गुणदान एकसारखे होईल. परंतु विचार मांडणे, पुरावा देणे, स्वतःचे मत समर्थपणे लिहिणे ही उद्दिष्टे तपासली जाणारच नाहीत. चुकीच्या गोष्टीचे अचूक माप घेण्यात लाभ नाही. सप्रमाणता आणि विश्वसनीयता यांत तोल साधणे हेच प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचे कौशल्य होय.

६. निदान

तिसरे तत्त्व निदानाचे. चूक मोजणे पुरेसे नाही, ती समजून घेतली पाहिजे. तिसरीच्या वर्गात ४२ वजा १७ हे उदाहरण फळ्यावर दिले आहे अशी कल्पना करू. चार मुलांची उत्तरे चुकली. पहिल्याने ३५ लिहिले, दुसऱ्याने २६, तिसऱ्याने ५९ आणि चौथ्याने काहीच लिहिले नाही. चौघांनाही शून्य गुण. गुणपत्रकाच्या दृष्टीने चौघे सारखे. शिकण्याच्या दृष्टीने चौघे चार ठिकाणी उभे आहेत.

पहिल्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. त्याची रीत चुकीची असली तरी सुसंगत आहे, आणि जोपर्यंत तिचा उगम कळत नाही तोपर्यंत तो अशी शेकडो उदाहरणे याच रीतीने सोडवील. त्याला दशक सुटा करण्याची क्रिया काड्यांच्या गठ्ठ्यांवर पुन्हा करून दाखविली पाहिजे. दुसऱ्याला रीत आली आहे. बारातून सात वजा करताना मोजणीत एकाने चूक झाली. त्याला फक्त सराव हवा. तिसऱ्याने बेरीज केली. त्याला चिन्हाचा अर्थ लागलेला नाही, किंवा त्याचे लक्ष नव्हते. चौथ्याविषयी कागद काहीच सांगत नाही. त्याच्याशी बोलावेच लागेल. कदाचित त्याला उदाहरण कळले नसेल. कदाचित पूर्वीच्या चुकांच्या भयाने त्याने लिहिणेच सोडले असेल.

या चौघांना एकत्र बसवून तोच पाठ पुन्हा शिकविला, तर तिघांचा वेळ वाया जाईल. उपचारात्मक अध्यापन बहुधा निष्फळ ठरते ते याच कारणाने. उपचाराआधी निदान झालेले नसते.

या तत्त्वाला अलीकडे कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आले आहे. २००९ च्या अधिनियमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याची आणि अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास अतिरिक्त अध्यापन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी देण्याची तरतूद झाली. त्यानंतरही तो अनुत्तीर्ण झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. महाराष्ट्राने २०२३ साली या तरतुदीचा अवलंब केला. मुलास वर्गात मागे ठेवावे की न ठेवावे याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु दोन परीक्षांमधील ते दोन महिने कशाने भरावयाचे, याविषयी मतभेद होऊ नये. शिक्षकाच्या हाती केवळ ‘अनुत्तीर्ण’ हा शेरा असेल तर दोन महिन्यांत त्याच पाठांची घाईघाईने पुनरावृत्ती होईल आणि मूल पुन्हा तेथेच अडेल. कोठे अडले याची नोंद हाती असेल, तरच तो काळ सार्थकी लागेल. अन्यथा जे अपयश अध्यापनाचे आहे त्याची शिक्षा दहा-अकरा वर्षांच्या मुलास वर्षभर भोगावी लागेल. आणि फुले यांनी १८८२ साली ज्या धोक्याकडे बोट दाखविले होते तो निराळ्या रूपाने पुन्हा समोर उभा राहील.

७. सातत्य आणि नोंदी

चौथे तत्त्व सातत्याचे. एका दिवसाच्या परीक्षेवरून वर्षाच्या शिकण्याचा निर्णय करू नये. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी आहे. गळीत हंगामात ऊसतोडीसाठी कुटुंबे स्थलांतर करतात. त्यांच्याबरोबर मुलेही येतात आणि जातात. अशा मुलाचे वर्ष दोन गावांत विभागलेले असते. त्याने एका शाळेत काय शिकले याची माहिती दुसऱ्या शाळेस नसेल, तर तेथील शिक्षक त्याला आरंभापासून शिकवितो किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. या मुलासाठी वार्षिक परीक्षेपेक्षा त्याच्याबरोबर प्रवास करणारी चार ओळींची अचूक नोंद अधिक मोलाची आहे.

दुर्दैवाने नोंदींच्या बाबतीत आपल्याकडे कागद वाढले, आशय वाढला नाही. तयार वाक्यांच्या पुस्तिकांवरून वर्णनात्मक नोंदी उतरवून काढण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली. ‘वाचन चांगले आहे’, ‘प्रगती समाधानकारक’, ‘सुधारणेस वाव’ ही वाक्ये कोणत्याही मुलास लागू पडतात; म्हणूनच ती कोणत्याही मुलाविषयी काही सांगत नाहीत. ‘साधे शब्द ओघाने वाचते, जोडाक्षरापाशी थांबते, वाचलेली गोष्ट तेलुगूत नीट सांगते, मराठीत दोन-तीन वाक्यांत आटोपते’ ही नोंद वाचून पुढच्या शिक्षकास सोमवारी सकाळी काय करावयाचे ते कळते. नोंदीची हीच कसोटी मानावी.

शिक्षकांकडून अशी नोंद अपेक्षिताना व्यवहार्यतेचे तत्त्वही विसरून चालणार नाही. पन्नास मुलांच्या वर्गात रोज प्रत्येकाविषयी लिहिणे अशक्य आहे. परंतु दररोज पाच मुलांकडे विशेष लक्ष देऊन एकेक ओळ लिहिली, तर दहा दिवसांत सारा वर्ग नजरेखालून जातो. लहान साधनेही पुष्कळ सांगून जातात. ‘असर’ या नावाने २००५ पासून होत आलेल्या ग्रामीण भारतातील सर्वेक्षणांत मुलाच्या हाती अक्षरे, शब्द, छोटा उतारा आणि गोष्ट एवढाच मजकूर देऊन ते कोठपर्यंत वाचू शकते हे घरीच, एकेका मुलाजवळ बसून पाहिले जाते. थोड्या मिनिटांच्या या तपासणीने शाळेच्या गुणपत्रिकांत न दिसलेली वस्तुस्थिती देशासमोर आणली. साधन महाग किंवा गुंतागुंतीचे असावे लागत नाही. ते नेमके असावे लागते.

८. समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात असे सांगता येईल. मूल्यमापन उद्दिष्टाशी प्रामाणिक असावे. त्याचे गुणदान व्यक्तीच्या लहरीवर अवलंबून नसावे. त्यातून चुकीचे कारण कळावे. ते एका दिवसापुरते नसावे. ते शिक्षकास झेपणारे असावे. आणि त्याच्या निकालास जोडलेले परिणाम दुर्बलांवर अधिक कठोरपणे पडत नाहीत ना, याची वेळोवेळी तपासणी व्हावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. तिचे यश छापील नमुन्यावर अवलंबून राहणार नाही. तो भरणाऱ्या शिक्षकाने मुलास किती जवळून पाहिले यावर राहील.

सोलापूरच्या शिक्षणसंस्थांना आणि अध्यापक महाविद्यालयांना या क्षेत्रात संशोधनास विपुल वाव आहे. चार भाषांतील संख्यानामांचा मुलांच्या अंकलेखनावर होणारा परिणाम, शाब्दिक उदाहरणांतील कठीण शब्दांची सूची, घरच्या भाषेत आणि शाळेच्या भाषेत विचारलेल्या त्याच प्रश्नाच्या उत्तरांची तुलना, हे विषय कोणत्याही प्रयोगशाळेवाचून, जवळच्या शाळेत जाऊन अभ्यासता येतील. शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपल्या सरावपाठांच्या काळात अशा चुकांचा संग्रह केला, तरी या जिल्ह्यासाठी एक उपयुक्त निदानसूची तयार होईल.

पाटीवर बेचाळिसाऐवजी २४ लिहिणारे मूल चुकले आहे, यात शंका नाही. परंतु त्या उत्तरापुढे फुली मारण्यापूर्वी त्याच्या हाती काड्यांचे गठ्ठे देऊन पाहणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्या अर्ध्या मिनिटाच्या कृतीवर ते मूल पुढे गणिताचे नाव काढताच घाबरणार की आत्मविश्वासाने पाटी पुढे करणार, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.